आवाजाचा आडोसा

"अगं, वाक्य हातात धर! सांडशील!"

घरमालकीणकाकूंचा तो आवाज त्याला आज सकाळपासून ऐकू येत होता. काकूंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण कान खिळ्यांच्या कारखान्यात ठेवून आलेल्या माणसाचं असंच असतं. नवे आवाज दारापर्यंत येऊन परत जातात, जुने तेवढे आत येऊन बसतात.

खालच्या मजल्यावरचा शिंपीदादा खुर्च्या उचलून गच्चीवर नेत होता. जिन्यात तो काहीतरी ओरडला.

"काय म्हणतोयस?"

शिंपीदादानं खुर्ची खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि आवाज न करता नुसतेच ओठ हलवले. त्यानं ते वाचलं आणि हसला. 'शेवटचं विमान चारच्या सुमाराला. वहिनींना घेऊन वर या, खिळेवाले.'

अख्ख्या वस्तीत त्याच्याशी असं बोलता येतं हे एका शिंपीदादालाच ठाऊक होतं. तरुणपणी तोही थोडे दिवस खिळ्यांच्या कारखान्यात होता. बाकी सगळे त्याच्या कानाशी येऊन ओरडत. बायकोसुद्धा.

ती आत ओट्यापाशी होती. खिडकी उघडी. आज तिनं धुतलेली, पेटीत जपून ठेवलेली साडी नेसली होती, आणि त्याला एकदम जिन्यातली ती नवी नवरी दिसली.

लग्नानंतर ह्या घरात आले तो दिवस. तो पुढे, हातात पत्र्याची ट्रंक. मागे ती, स्टोव्ह सांभाळत. ती काहीतरी विचारत होती, "अहो, इथली खिडकी कुठल्या…" आणि आभाळ डोक्यावर कोसळलं. जिना थरथरला. ती स्टोव्हसकट खाली बसली, डोक्यावर पदर घट्ट धरून. विमान इतकं खालून गेलं, की त्याची चाकं ओली आहेत का कोरडी तेसुद्धा सांगता आलं असतं. डोळे उघडून बघतात तर जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या. एक हात वर, मूठ मिटलेली.

"अगं, वाक्य हातात धर! सांडशील!" काकू म्हणाल्या. "इथं राहायचं तर हे शिकायलाच हवं. विमान आलं की मूठ मिटायची. वाक्य आत. गेलं की मूठ उघडायची आणि तिथूनच पुढे. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, नाहीतर बोलण्यातच जन्म जाईल. हं, उघड आता. खिडकीचं काय म्हणत होतीस?"

वस्तीची रीतच होती ती. भाजीवाला दर सांगता सांगता मूठ मिटी. शाळेत बाई फळ्यापाशी उभ्या, मुठीत खडू, आणि समोर सगळ्या पोरांच्या इवल्या इवल्या मुठी. शिंपीदादा म्हणायचा, "आपल्याकडे नवरा-बायकोचं भांडण तडीला जात नाही बघा. ऐन रंगात विमान येतं. मूठ उघडेपर्यंत कशावरून भांडत होतो तेच माणूस विसरतं." वस्तीतली मुलगी लग्न होऊन दुसरीकडे गेली, की पहिले काही महिने सासरच्यांना वाटे, सून बोलता बोलता अडखळते.

मूठ मिटली नाही ती फक्त त्याच्या बायकोनं.

ती भरल्या घरातून आली होती. माहेरी माणसं उदंड, भिंती कमी. तिथल्या बायका मनातलं बोलत ते आवाजाच्या आडोशाला. कपडे आपटताना, भांडी घासताना, पाण्याच्या धारेखाली. तिच्या आईला दोन-दोन ओळी जुळवायची सवय होती, तीच हिच्या ओठांवर आली होती. इथं तर आडोसाच आभाळाएवढा. विमानाची चाहूल लागली, की ती हातातलं काम सोडून खिडकीकडे वळे आणि वर बघून बोलू लागे. विमान गेलं की पदर सारखा करून पुन्हा कामाला.

पहिल्या वर्षी त्याला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणत असेल.

मग त्याचं वर्ष कारखान्यात पुरं झालं. तारेची वेटोळी एका तोंडानं आत जात आणि दुसऱ्या तोंडानं खिळ्यांचा पाऊस पडे. त्या पावसात माणसाचा शब्द म्हणजे पुरात सोडलेली कागदाची होडी. तिथं कुणी कुणाचं ऐकत नसे, सगळे बघत. जोडीदाराच्या घरचं बाळंतपण, मुकादमाला घातलेली शिवी, जेवणाच्या सुट्टीतल्या चहाची फर्माईश, सगळं ओठांवरून. नवा माणूस वर्षभर बावरल्यासारखा हिंडे, आणि मग एका सकाळी त्याला समोरच्याचं तोंड वर्तमानपत्रासारखं दिसू लागे.

त्याला तसं दिसू लागलं, आणि त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, पेपर वाचता वाचता त्यानं सहज मान वर केली. विमान येत होतं. ती खिडकीपाशी होती, चेहरा अर्धा वळलेला.

'ह्यांना कधी कळणार, मला खिडकीपाशी झोपायला आवडतं ते. भिंतीकडे जीव गुदमरतो माझा.'

त्यानं पेपर तोंडासमोर धरला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. संध्याकाळी तो गादी घालताना म्हणाला, "मी भिंतीकडे झोपत जाईन म्हणतो. भिंत गार लागते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीतून वर बघितलं तिनं. रिकाम्या आभाळाकडे.

तेव्हापासून ते सुरू झालं. तिला निळी छत्री हवी होती. तो निळी छत्री घेऊन आला, "दुकानात ही एकच उरली होती." तिला त्याच्या मिशा आवडत नव्हत्या. त्यानं मिशा काढल्या, "कारखान्यात तेल उडतं." तिला एकदा समुद्र बघायचा होता, आणि तो नेमका तेव्हाच म्हणाला, "साहेबांनी सुट्टी दिलीय, कुठंतरी जाऊन येऊ या. समुद्रावर?"

ती काकूंना हळूच सांगायची, "काकू, खरं सांगते. मी विमानाला सांगते आणि होतं."

"मग माझ्या गुडघ्याचंही सांग की," काकू म्हणत.

तिच्या ओठांवर शिव्याही येत. त्याची थोरली बहीण चार दिवस राहून गेली तेव्हा विमानानं जे ऐकून घेतलं ते कुठल्याच देवानं ऐकलं नसतं. 'आली उपटसुंभ! माझ्या डब्यात हात, माझ्या चुलीत फुंकर!' आणि मग दोन ओळी, डोळे मिटून:

लोखंडाच्या पाखरा रे, तुझी सावली अंगणी
माझ्या ओठीचं गाऱ्हाणं, कुणी ऐकेना ह्या जनी

पेपरच्या मागे तो हसू दाबून लाल होई.

सांगून टाकावं असं त्याला कितीदा वाटलं. पण सांगितलं असतं तर तिचा आडोसाच मोडला असता. आणि खरं सांगायचं तर, तिच्या आभाळातला देव होण्याची त्याला गोडी लागली होती.

मग त्यांना मुलगा झाला.

विमान आलं की वस्तीतली तान्ही मुलं किंचाळत. हा किंचाळला नाही. हा वर बघी, ओठांचा चंबू करी आणि विमानाच्या सुरात सूर मिळवी. ऊंऽऽऽ. विमान लांब जाई तसा त्याचा सूरही बारीक होत जाई, आणि शेवटी तोंडाशी एक बुडबुडा फुटे.

"अगं, हा तर भुंगा आहे!" तो म्हणाला होता. नाव त्यानंच ठेवलं. पत्रिकेतलं नाव कुणीच वापरलं नाही. अख्खा जिना म्हणायचा, भुंगा उठला, भुंगा जेवला. कारखान्यातून येताना तो खालूनच हाक मारी. त्या हाकेला वरून उत्तर येई ते सुरातच.

पाऊल टाकायच्या आधीच ताप आला. इस्पितळात जाताना बाळ त्याच्या खांद्यावर होतं. येताना खांदा मोकळा होता.

दुसऱ्या सकाळी तो कामावर गेला. लोकांना वाटलं, काय दगडाचा माणूस! पण खिळ्यांच्या त्या पावसात उभं राहून त्यानं काय काय केलं ते कुणाला ऐकू आलं नाही. एवढंच, की समोरच्या जोडीदारानं त्या दिवशी आपलं तोंड फिरवून घेतलं.

त्यानंतर ते नाव त्याच्या तोंडून गेलं ते गेलंच. खिडकीतून खरोखरचा भुंगा घरात शिरला तरी तो म्हणे, "तो काळा किडा हाकल गं." तिनं चार-सहा वेळा विषय काढून बघितला. तो उठून गॅलरीत जाई. मग तिनं तेही विमानाला सांगितलं.

'एकदा नाव घ्या त्याचं. एकदाच. मी एकटीनं घेऊन घेऊन झिजलं ते.'

त्यानं वाचलं. पेपरमधली अक्षरं हलू लागली. बायकोसाठी मिशा काढणारा, समुद्र आणणारा माणूस, त्याला दोन अक्षरं काही उचलेनात. विमान गेलं. दुसरं आलं. वर्षं गेली. मागणी येत राहिली. रोज नाही, पण ज्या दिवशी आभाळ स्वच्छ असे आणि वारा पडलेला असे त्या दिवशी हमखास.

"काकू," ती एकदा म्हणाली होती, "सगळं ऐकतं हो विमान. एक मागणं तेवढं मानत नाही."

काकूंनी विचारलं नाही कुठलं. त्यांनी नुसता तिचा हात धरला. तो दारात चपला घालत होता. त्याला वाटलं, चपला अशाच जन्मभर घालत राहाव्यात, वर बघूच नये.

पुढे मुलगी झाली. मुठी मिटत, उघडत मोठी झाली, शिकली, आणि विमानांच्या वाटा आखणाऱ्या कचेरीत नोकरीला लागली. वस्तीतल्या लोकांनी अर्ज केले होते, सभा घेतल्या होत्या, आवाज मोजणारी यंत्रं गच्च्यांवर बसली होती. वर्षानुवर्षं ते चाललं होतं. एका सुट्टीत ती मोठा नकाशा घेऊन आली आणि तिनं तो पलंगावर पसरला. आवाजाचे रंगीत डाग होते त्यावर, पाण्यात शाई पसरावी तसे. त्यांचं घर सगळ्यात लाल डागात.

"आवाज पुसून टाकता येत नाही बाबा," ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली. "नुसता सरकवता येतो. आणि सरकवायचा म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर जातोच. पलीकडच्या तीरावरचे लोक म्हणाले, आमच्यावर नको. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून ही बघा, नदी. विमान आता सरळ रेघेत यायचं नाही. नदीच्या वळणावरून पाण्यावर पाण्यावर येईल आणि शेवटी वळेल. वैमानिक कुरकुर करताहेत. पण शाळेतल्या मुलांना धडा सलग ऐकता येईल. रातपाळीवाल्यांना झोप मिळेल." आणि मग आईकडे वळून, "तुझ्यासाठी केलं गं आई. जन्मभर डोकं उठलं तुझं."

"छान केलंस हो," आई म्हणाली.

त्यानंच तेवढं बघितलं. 'छान' म्हणताना तिचे ओठ हलले आणि डोळे खिडकीकडे गेले.

मागच्या महिन्यात नव्या वाटेची चाचणी झाली. आठवडाभर एक विमान आलं नाही. वस्ती खुशीत. ती मात्र घरभर काही हरवल्यासारखी हिंडत होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायांना घरात घरघर जाणवली. जाऊन बघतो तर ती मिक्सर लावून उभी. भांडं रिकामं. मिक्सरचं बटण भिंतीकडे होतं, त्यामुळे तिचं तोंडही भिंतीकडे. त्याला पाठच दिसली, आणि मानेची किंचित हालचाल.

खालून शिंपीणवहिनींनी विचारलं असावं, कारण ती खिडकीकडे वळली आणि तिचे ओठ त्याला दिसले, "काही वाटत नाहीये हो, पातं बसलंय का बघते."

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भीती वाटली. उद्या हा आडोसा कायमचा जाणार. ती आत जे ठेवील ते आतच राहील. आणि ते नावही.

"बाबा! चला ना!" मुलीनं दंडाला धरलं तेव्हा तो भानावर आला. ती कचेरीतून परस्पर आली होती, गळ्यात अजून तिथल्या ओळखपत्राची पट्टी.

गच्चीवर जत्रा भरली होती. सगळ्याच गच्च्यांवर. कुणी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. शिंपीदादानं मधली खुर्ची त्याच्यासाठी राखली होती.

"बसा खिळेवाले. आजपासून आमच्या हिला माझं घोरणं ऐकू येणार. संसार संपला म्हणायचा."

"घोरणं चालेल," शिंपीणवहिनी म्हणाल्या, "पण तुमचे विनोदही ऐकावे लागणार, त्याचं काय?"

सगळे हसले. मुलगी हसता हसता आईला म्हणाली, "आई, तू का कोपऱ्यात? इकडे ये, इथून नीट दिसेल."

"मला इथून दिसतं गं." ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. गर्दीकडे पाठ, विमानाच्या वाटेकडे तोंड.

तो उठला. राखून ठेवलेली खुर्ची सोडून, टाकीच्या पलीकडे कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथून तिचा चेहरा पुरा दिसत होता.

आधी लांबवर एक ठिपका चमकला. मग गच्ची तळव्यांखाली गुणगुणू लागली. पोरं किंचाळली असतील, लोक ओरडले असतील, कारण सगळ्यांची तोंडं उघडी होती. आणि मग सवयीनं, इकडे, तिकडे, पलीकडच्या गच्चीवर, एकेक हात वर गेला आणि मूठ मिटत गेली. सावली कपड्यांच्या दोऱ्यांवरून सरकत आली.

ती बोलत होती. घाई नव्हती. ह्या वेळी मागणं नव्हतंच.

लोखंडाच्या पाखरा रे, आता वाट तुझी दूर
माझ्या ओठीचं ते नाव, तुझ्या पंखाखाली पूर

आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, तिनं हात वर नेला आणि मूठ मिटली. काकूंनी शिकवली होती तशी.

विमान घरांच्या पलीकडे उतरलं. टाळ्या पडल्या. मुठी उघडल्या. शिंपीदादा कुणाला तरी मिठी मारत होता, आणि त्यांची मुलगी डोळे पुसत हसत होती. लोकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. टाकीपाशी तेवढी एक मूठ मिटलेलीच राहिली.

तो तिच्याजवळ गेला.

"नको पुरूस," तो म्हणाला.

कमी ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. तिनंही.

"काय नको?"

"पंखाखाली. नको पुरूस त्याला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू त्याच्या डोळ्यांवरून त्याच्या कानांवर गेली आणि परत डोळ्यांवर आली.

"तुम्हाला काय ठाऊक मी काय बोलले? तुम्हाला तर जवळचंही…"

"खिळ्यांच्या कारखान्यात कान लागत नाहीत गं. तिथं बघतात."

तिच्या चेहऱ्यावरून सगळं घर सरकत गेलं. खिडकीजवळची गादी. निळी छत्री. मिशा. समुद्र. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"सगळं?"

"सगळं."

"तुमच्या ताईंबद्दलचंही?"

"उपटसुंभ," तो म्हणाला.

तिच्या घशातून हसू आलं ते अर्ध्यावरच मोडलं. डोळे भरले आणि आवाज एकदम धारदार झाला. "मग ते एकच का नाही? सगळं दिलंत. छत्र्या दिल्यात, समुद्र दिलात. मी आभाळाकडे भीक मागत होते आणि तुम्ही पेपर घेऊन बसला होतात. ते एक का नाही हो?"

त्यानं तिची मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. खिळ्यांनी चिरलेले, घट्टे पडलेले हात. मूठ आत गरम होती, काहीतरी जिवंत धरल्यासारखी.

मुलगी जवळ आली होती. आई-बाबांचं काहीतरी चाललंय एवढंच तिला कळत होतं. लहानपणी एकदा पेटीच्या तळाशी तिला लोकरीचं इवलंसं टोपडं सापडलं होतं. हे कुणाचं, असं तिनं विचारलं होतं, आणि बाबा गॅलरीत निघून गेले होते.

आता गॅलरी नव्हती. विमान नव्हतं. सगळ्या गच्च्यांवरची माणसंही हळूहळू गप्प होत होती. इतकी शांतता त्यांना झेपत नव्हती. कुठंतरी दोरीवरचा कपडा फडफडत होता. तो म्हणे ऐकू येत होता.

त्यानं ओठ उघडले. ओठ हलले, दोन अक्षरांपुरते. आवाज आला नाही.

"मला नाही तुमच्यासारखं वाचता येत," ती म्हणाली. रागानं नाही. जिन्यातल्या त्या पहिल्या दिवशी तिनं खिडकीबद्दल विचारलं होतं तशा आवाजात. "मोठ्यानं म्हणा. पोरीलाही ऐकू दे."

तिची मूठ त्याच्या हातात सैल झाली. बोटं एकेक करून उघडली.

"भुंगा," तो म्हणाला. "आपला भुंगा. विमान आलं, की सूर धरायचा."